शेवटसांगीची खोळ

मी एक खोळ. उशीची नव्हे, गादीची तर नव्हेच, पुस्तकाची. हिरव्या जाड कापडाची, दोन्ही टोकांना खिसे. त्यात पुस्तकाचे पुठ्ठे सरकवले की पुस्तक कुठलं ते बाहेरून कुणाला कळत नाही. उशीच्या खोळीला निदान दिवसभर स्वस्थ पडून राहता येतं. मी उघडते, मिटते, पर्समध्ये कोंबली जाते, पुन्हा उघडते. आता थकले बाई.

एक गोष्ट आधीच कबूल करते. पुस्तकं मी पुष्कळ अंगाखांद्यावर खेळवली, पण वाचलं एकही नाही. माझं पोट पुठ्ठ्याला चिकटलेलं आणि पाठ जगाकडे, त्यामुळे आतलं अक्षर मला दिसतच नाही. मला जे काही कळलं ते माझी मालकीण वाचता वाचता पुटपुटते त्यातून. आणि ती पुटपुटते फार.

मालकीण लग्न होऊन या घरात आली तेव्हा घरात तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिची आई वारलेली. वडील लिफ्ट दुरुस्त करणारे, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत अडकलेले. मालकिणीनं आल्या आल्या हौसेनं मुलीच्या खोलीला हिरवे पडदे शिवले. संध्याकाळी ते पडदे नीट घडी घालून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेले सापडले. मुलगी काही बोलली नाही. मालकिणीनं ते कपाटात टाकले आणि काही महिन्यांनी त्यातल्याच एकाला कात्री लावून मला शिवलं.

त्याचं झालं असं, की मुलगी बोलत नसली तरी वाचत होती. जेवताना पुस्तक, दात घासताना पुस्तक. जादूची राज्यं, उद्ध्वस्त शहरं, बंद हवेलीतले खून. वाचून झालं की ती पुस्तक बैठकीतल्या फळीवर टाकून द्यायची. मालकिणीनं ठरवलं, ही माझ्याशी बोलत नाही तर नाही, निदान हिच्या डोक्यात काय चाललंय ते तरी कळू दे. मुलगी शाळेत गेली की ती फळीवरचं पुस्तक उचलायची, माझ्यात घालून कामावर न्यायची आणि संध्याकाळी गुपचूप जागेवर ठेवायची.

कामावर म्हणजे दाताच्या दवाखान्यात. आत डॉक्टरांचं यंत्र घूं घूं करतंय, बाहेर गाल धरून बसलेली माणसं, आणि टेबलामागे माझी मालकीण. चाळिशी उलटलेल्या बाईच्या हातात आग ओकणारा ड्रॅगन बरा दिसत नाही, तो झाकणं हेही माझं एक काम होतं. एखादा पेशंट विचारायचा, "काय ताई, आध्यात्मिक का?" ती गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "हो, तसंच काहीसं."

जादूच्या कादंबऱ्यांनी माझे सर्वांत जास्त हाल केले. त्यांचा पहिला भाग सडपातळ, दुसरा अंगानं भरलेला आणि तिसरा असा, की माझी शिवणच उसवावी. त्यात सुरुवातीला नकाशा. चार पानं झाली की मालकीण उलटी नकाशाकडे, पुन्हा सुलटी. माझे खिसे ओढून ओढून सैल झाले. "एवढा मोठा नकाशा, तरी एकालाही वाट सापडत नाही," ती पुटपुटायची. कथेत आई आली की म्हणायची, "आली बिचारी. दोन-चार पानांची सोबती." आणि आई मरायचीच. "आईला मारल्याशिवाय यांच्या पोरींना घराबाहेर पडताच येत नाही का?" मग त्या जागी सावत्र आई यायची, ती हातात विषाचा पेला घेऊनच. अशा पानावर मालकीण थोडा वेळ थांबायची, माझ्यावरून अंगठा फिरवत बसायची. मग पुढे वाचायची.

जग बुडाल्यानंतरच्या गोष्टींवर तिचा वेगळाच राग. सगळ्यांना करडे कपडे, सगळ्यांची गटांत वाटणी, भोंगा वाजला की झोपायचं. "ते ठीक आहे, पण या शहरात भांडी कोण घासतं? दाढ दुखली तर जायचं कुठं? ते नाही लिहिलं." नायिका तीन दिवस उपाशीपोटी पळत असायची आणि तरी दोन मुलांपैकी आपल्याला कोण आवडतं याचा विचार करायची. "मला जेवायला तासभर उशीर झाला तर नवऱ्याचं नाव आठवत नाही," मालकीण म्हणायची. "आणि मोठी माणसं बघा, एक तर दुष्ट नाहीतर बावळट. जग बुडवायचं आम्ही आणि उपसायचं सोळा वर्षांच्या पोरीनं." मग पान उलटताना हळूच, "तसं खोटंही नाही म्हणा."

रहस्यकथांची मात्र तिनं वाटच लावली होती. ती शेवटचं पान आधी वाचायची. खुनी कोण ते बघून घ्यायची आणि मग पहिल्या पानापासून निवांत सुरुवात करायची. डॉक्टरांनी एकदा ते पाहिलं. म्हणाले, "अहो, मग मजा काय राहिली?"

"डॉक्टर, इथं येणारा प्रत्येक माणूस मला पहिलं काय विचारतो? दुखेल का. होय की नाही ते एकदा कळलं ना, की तो शांत बसतो. माझंही तसंच आहे."

याच खोडीनं तिचं बिंग फुटलं. एकदा मुलीनं एक खुनाचं पुस्तक अर्धवट वाचून फळीवर ठेवलं. मालकिणीला वाटलं, झालं वाचून. संध्याकाळी जेवताना मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "मला तर माळ्याचाच संशय येतोय."

मालकीण वाढता वाढता बोलून गेली, "छे, माळी कसला! त्याची बहीण."

मुलीनं फोन खाली ठेवला. "तुम्ही वाचलंत ते?"

"हो. म्हणजे, चुकून."

"पुस्तक चुकून वाचतं का कुणी? आणि शेवट सांगितलात! माझी अजून निम्मी पानं राहिली होती!"

ताट तसंच टाकून मुलगी उठली, तरातरा फळीशी गेली आणि तिथं पुस्तक दिसेना म्हणून मालकिणीची पर्स उघडून तिनं मला बाहेर काढलं. माझ्याकडे बघतच राहिली. "हा माझ्या खोलीचा पडदा."

"तुला नको होता ना," मालकीण म्हणाली.

मला वाटलं, आता ही मला फाडते. पण ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "बहीण कशी असेल? ती तर त्या दिवशी गावातच नव्हती."

"असं ती सांगते."

"पण तिकीट होतं ना तिच्याकडे?"

"तिकीट काढलं म्हणून माणूस गाडीत बसतोच का?"

अन्न निवून गेलं तरी दोघी भांडत होत्या. वडील कामावरून आले आणि दारातच थबकले. या घरात इतका आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. त्या दिवसापासून मुलीनं मालकिणीचं नाव ठेवलं 'शेवटसांगी', आणि मी झाले शेवटसांगीची खोळ.

मग आली मिठाच्या राज्याची गोष्ट. पाच भागांची. मिठागरात राबणारी एक पोर, मेलेली आई अर्थातच, आणि बापाची दुसरी बायको म्हणजे त्या राज्याची राणी. मुलीनं अट घातली, "ही मालिका दोघींनी बरोबर वाचायची. आणि शेवटचं पान आधी बघायचं नाही." मालकिणीनं कशीबशी कबुली दिली.

"राणी शेवटी मरणार," मुलगी पहिल्याच भागात म्हणाली.

"कशावरून?"

"सावत्र राण्या मरतातच. तसा नियमच आहे."

"बघू," मालकीण म्हणाली.

तिसऱ्या भागात राणीनं त्या पोरीला पळून जायला स्वतःची होडी दिली. मुलगी म्हणाली, "डाव असेल." मालकीण एकदम चिडली. "डाव म्हणून होडी देतं का कुणी? स्वतः कशात बसणार ती? पाणी चढलं तर?" मुलीनं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. दोघी एका राणीवरून भांडत होत्या, आणि राणीवरून भांडत नव्हत्या. माझ्यासारख्या चिंधीला कळत होतं, तर त्यांना कळत नसेल का? पण तसं बोलून दाखवलं नाही कुणीच.

चौथा भाग संपला तेव्हा राणी भरतीच्या पाण्यात एका खडकावर उभी होती. आणि पाचवा भाग येईचना. लेखिकाबाई कुठं गप्प झाल्या देव जाणे. वर्षं गेली. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तिथंच नोकरीला लागली. सुरुवातीला फोनवर पहिला प्रश्न असायचा, "आला का गं पाचवा?" पुढं तो शेवटचा प्रश्न झाला. मग विचारायचीच बंद झाली.

आणि अखेर आला पाचवा भाग. केवढा लठ्ठ! मालकिणीनं माझी शिवण उसवून मला पट्टी जोडली, तेव्हा कुठं तो माझ्यात मावला. तिनं लगेच फोन लावला.

"आला बरं का."

"कोण?"

"अगं, पाचवा भाग!"

"अय्या, हो? पण मी आता तसलं नाही गं वाचत. वेळच कुठं मिळतो? तूच वाच आणि शेवट सांग मला. तुझं कामच आहे ते." मुलगी हसली. फोन ठेवला.

मालकीण खुर्चीत बसली. तिचा अंगठा सवयीनं शेवटच्या पानाकडे गेला. तिथंच थांबला. मग तिनं मला मिटून टाकलं. एकही पान न वाचता तिनं पुस्तक मिटल्याचं मला तरी आठवत नाही.

त्यानंतर रोज मी दवाखान्यात जात होते आणि रोज परत येत होते, ते न वाचलेलं धूड पोटात घेऊन. उघडणं नाही, मिटणं नाही, पुटपुटणं नाही. मी विश्रांती मागत होते ना? पण असली विश्रांती वैऱ्यालाही नको. पेशंट विचारायचे, "ताई, अजून तेच?" ती म्हणायची, "अवघड आहे हो." घरी नवरा म्हणायचा, "वाचून टाक की एकदाचं." ती म्हणायची, "दोघींचं आहे ते." तिला भीती वाटत होती. राणी मेली असली तर? आणि ते एकटीनं वाचावं लागलं तर?

काल दुपारी मुलगी आली. डोळ्यांखाली काळं, खांद्यावर पिशवी. नोकरीनं पार पिळून काढलेलं. बूट न काढताच ती सोफ्यावर आडवी झाली, आणि टेबलावरची मी तिला दिसले.

"ही अजून आहे?" तिनं हात लांब करून मला ओढलं. "बरं, झालं काय शेवटी त्या राणीचं?"

मालकीण चहा गाळत होती. "माहीत नाही."

"माहीत नाही? तुला?" मुलगी उठून बसली. तिनं मला उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली, कोरी करकरीत. "शेवटचं पानसुद्धा नाही बघितलंस?"

"नाही."

"का गं?"

मालकिणीनं गाळणी खाली ठेवली. "दुखेल की काय, असं वाटलं."

मुलीचे डोळे भरून आले होते. मग तिनं बूट काढले, पाय वर घेतले आणि शेजारची जागा थोपटली. "ये इकडे. आणि एक सांगून ठेवते, ती राणी मेली असली ना, तर त्या लेखिकेला मी सोडायची नाही."

मालकीण चहा घेऊन आली. मुलीनं पुस्तक माझ्या खिशांतून सोडवलं. "आता कुणापासून लपवायचंय?" म्हणाली. मग तिनं माझी नीट घडी घातली, अगदी पूर्वी पडद्यांची घातली होती तशी. पण मला ओट्यावर नेऊन ठेवलं नाही. आपल्या मांडीवर ठेवलं.

रात्र उलटली तरी अजून मी तिथंच आहे. वीण विरली आहे, रंग उडाला आहे. मला आता कुठलंही पुस्तक नको. दोघी डोक्याला डोकं लावून वाचताहेत, निम्म्याच्या पुढं गेल्यात, आणि भांडण जोरात चालू आहे. फक्त एक विनंती आहे, पोरींनो. मला अक्षर दिसत नाही. राणीचं पान आलं की तेवढं मोठ्यानं वाचा.