लाल माठातलं अंडं

मिल्काची एक खोड हदासाबाईला काही केल्या सोसवत नव्हती. सून विचारल्याला उत्तर देत नसे, आणि दिलंच तर दोन शब्दांत. जणू तोंड उघडलं की आतलं काही सांडणारच आहे.

"अंडं पाहून घेतलंस?"

"घेतलं."

"कशात?"

"पाहिलं म्हणते ना, आई."

पनवेलच्या त्या घरात आजवर अंडं फुटलं ते आधी वाटीत. रक्ताचा ठिपका दिसला की टाकून द्यायचं, चोख असेल तरच कढईत सोडायचं. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात रक्त पोटात जाता कामा नये, हे काय सुनेला नव्यानं शिकवायचं? पण ही उरणची आली, आणि वाटी फळीवर पालथी ती पालथीच.

उठून बघायची सोय नव्हती. विहिरीजवळच्या शेवाळावर पाय सरकला, हाड मोडलं, आणि पायाला फळ्या बांधून बाई माजघरातल्या खाटेवर येऊन पडली. जिला विचारल्याशिवाय घरातली मिठाची बरणी जागची हलत नसे, तिला आता स्वैपाकघराच्या दारातून सुनेची पाठ तेवढी दिसे, एक कोपर आणि फळीवरची ती पालथी वाटी. बाकी सगळं कानानं. कांदा परतल्याचा आवाज, मग टक्, मग चर्र. मधे वाटीचा आवाज नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज सकाळी पालेभाजी आणि अंडं, नाहीतर हाड धरायचं नाही, जन्माची खाट. मिल्का लाल माठाच्या भाजीत अंडं घाली. त्यात सगळंच लाल, ठिपका दिसणार कुणाला? मुद्दाम करते, असं हदासाबाईच्या मनानं घेतलं. ताटली आली की ती भिंतीकडे तोंड फिरवी. खावं तर धर्म जातो, न खावं तर पाय. लेकाला सांगावं तर इनॉक म्हणे, "आई, खा ना गं गुमान."

त्या दिवशी इनॉक एस.टी. गाठायला निघून गेला, तसं तिनं झोपेचं सोंग घेतलं. डोक्यावरून चादर, आणि चादरीच्या विरलेल्या जागेतून एक डोळा.

सासूला झोप लागलेली बघून मिल्कानं आज पाठ केली नाही. खाटेवरच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. अंडं फोडलं ते थेट डाव्या तळहातावर. बोटं जुळवून हात खोलगट केला आणि वाकून वाकून पाहू लागली.

म्हणजे हिचा तळहातच हिची वाटी होता तर.

बघता बघता मिल्काचा चेहरा पडला. टोपलीत दुसरं अंडं नव्हतं. कढईत माठ रटरटत होता. सोडलं असतं तर देवाखेरीज कुणाला कळणार नव्हतं. तिनं टोपलीकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं. हदासाबाईनं डोळा चादरीला आणखी टेकवला. चोर पकडायला टपलेली बाई, चोरी होऊ नये म्हणून मनात धावा करत होती.

मिल्कानं कढई उतरवली, मागचं दार उघडलं आणि अंडं केळीच्या बुंध्याशी टाकून हात धुतला. मग कुंपणापाशी शेजारणीला हाक मारली.

"गोदूबाई, एक अंडं देता? रक्त निघालं त्यात."

"घे, आताच घातलंय, ऊन हाय अजून. पन म्हातारी खाते का?"

"नाही."

"मंग कशाला करतेस रोज?"

मिल्का अंडं घेऊन घरात वळली. येऊन दुसरं अंडं तळहातावर फोडलं, पाहिलं आणि भाजीत सोडलं.

"आई, उठा." तिनं ताटली खाटेवर ठेवली आणि सवयीनं, परत न्यायला तिथंच उभी राहिली.

हदासाबाई कोपरावर उठली. भाकरीचा तुकडा मोडला, अंड्याला लावला, तोंडात घातला. सावकाश चावला. मग दुसरा मोडला.

"माठ करपलाय," ती म्हणाली. "मीठ नाही. बोलायची वेळ आली की तुझी दातखीळ बसते. पण हात खरा आहे तुझा, मिल्का. उद्यापासून माझ्याकडे पाठ करून फोडायचं नाही."