ब्रेकमास्तर

मास्तरांनी गाडीवर ताडपत्री ओढली, हाताने चापून बसवली आणि एकेक कोपरा दोरीने आवळत गाडीभोवती फेरी मारली. फेरी संपली तसे त्यांनी हात झटकले. समोरचा औषधवाला दुकानातून हे सगळं बघत होता.

"काय मास्तर, गाडीला झोपवलंत?"

"झोपवलं. आता सगळीकडे सायकल. बाजार, बँक, मेहुणीचं घर, सगळं."

"या वयात?"

"या वयात म्हणूनच. गुडघे गंजायला लागलेत."

संध्याकाळपर्यंत औषधवाल्याने ही बातमी गल्लीभर केली. लोकांना भारी कौतुक वाटलं. कोपऱ्यावरून काडेपेटी आणायची तरी गाडी काढणारा हा माणूस, आणि आता सायकल म्हणे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकणारा स्टिअरिंगवर, हे शेजारी, आणि यांच्या उजव्या पायाखाली यांच्यासाठी बसवलेला वेगळा ब्रेक. शिकणाऱ्याला धोका दिसायच्या आधी यांचा पाय दाबलेला असायचा. त्यांच्या गाडीखाली कधी साधं मांजरही आलं नव्हतं, आणि ही फुशारकी मारायला त्यांना कुणाच्या आग्रहाची गरज नसे. घरी जेवताना बायकोच्या हातून वाटी निसटली तरी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला जाई. "वाटीला ब्रेक नसतो हो," ती म्हणायची.

गुडघे ठणठणीत होते. झालं होतं ते वेगळंच. एका सकाळी शिकायला आलेल्या बाईंनी आपण होऊन ब्रेक मारला. मास्तर वैतागले. "उगाच का थांबलात?" बाईंनी बोट दाखवलं. मास्तरांच्याच बाजूला, गाडीला खेटून, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे होते. मास्तरांनी मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे ते दिसले.

"समोरचं शाबूत आहे," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "कडा गेल्यात. गेलेलं परत येत नाही, आणि उरलंय तेही हळूहळू आत सरकत जाईल. गाडीला आता हात लावायचा नाही."

सायकलचं काय, हे मास्तरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. स्कूलमध्ये त्यांनी कंबरेचं निमित्त सांगितलं, घरी गुडघ्यांचं. बायकोला कळू द्यायचं नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. कळलं की ती हात धरून चालवायला लागेल, आणि मग संपलंच सगळं. आपल्या बळावर उंबरा ओलांडता येतोय तोवर आपण कुणीतरी आहोत, असं त्यांना वाटे.

बायको शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. सायकलचं ऐकून ती म्हणाली, "मग मीही येते. लहानपणी हात सोडून चालवायचे मी." आणि दुसऱ्या दिवशी भडक पिवळं जाकीट शिवून, अंगात घालूनच पुढे आली.

"हे काय? रस्ता खणणाऱ्यांत भरती झालीस?"

"कापड उरलं होतं."

ती पुढे, हे मागे. तिच्या तोंडाला खळ नसे. "अगंबाई, केवढा हा खड्डा. टेम्पो बघा कसा आडवा लावलाय मेल्याने. आता वळूया का? वळूया."

"किती बडबडशील."

"मग? गाडीत तुम्ही मला बोलू कुठे द्यायचात?"

ते खरं होतं. गाडीत ते रस्त्याशी बोलायचे, नाहीतर पुढच्या गाडीवाल्याला शिव्या घालायचे. आता परतताना दोघं पुलाच्या कठड्याशी टेकून पाणी प्यायची आणि मेहुणीच्या नवऱ्याच्या घोरण्यावर हसायची. इतक्या वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. पिवळं जाकीट समोर मधोमध आहे तोवर मास्तरांना काही लागत नसे. निभावतंय, ते स्वतःला सांगायचे. असंच निभावून नेऊ.

बाजाराच्या चौकात बायकोची सायकल मंदावली. बाजूच्या गल्लीतून एक हातगाडी निघाली होती. मास्तरांना ती दिसली तेव्हा तिचं चाक त्यांच्या गुडघ्याशी होतं, आणि त्यांचा उजवा पाय दाबला गेला. जन्मभर दाबला तसाच, जीव खाऊन. पेडलवर जीव खाऊन पाय दाबला की सायकल थांबत नाही. ती सुसाट पुढे गेली आणि पिवळ्या जाकिटात घुसली.

बायकोचं मनगट मोडलं. प्लास्टर वाळेपर्यंत दोघं दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली.

"ब्रेक लावला होता गं मी."

"पायाने लावलात."

मास्तरांनी पँटवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "हातगाडी एकदम आली."

"एकदम नाही आली. मी सांगणारच होते. नेमकी शिंक आली मला."

मास्तरांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघितलं.

"कधीपासून कळलंय?"

"ताडपत्री घातलीत त्या दिवशी. चौथा कोपरा तसाच लोळत होता. तुम्ही हात झटकून आत आलात. मी जाऊन बांधला."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

म्हणजे एकही दिवस ते आपल्या बळावर बाहेर पडले नव्हते. खड्डा, टेम्पो, वळण, सगळं ती वेचून त्यांच्या पुढ्यात ठेवत आली होती, आणि ते तिला बडबडी म्हणत होते. बायकोच्या हाताचं दुःख बाजूलाच राहिलं; मास्तरांना स्वतःसाठी रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली.

प्लास्टर निघेपर्यंत मास्तर घराबाहेर पडले नाहीत. तोवर त्यांना पिवळ्या जाकिटाच्याही बाह्या दिसेनाशा झाल्या होत्या, नुसती पाठ दिसायची. गाडी औषधवाल्याने विकत नेली. त्याच्याच ओळखीने एका बागेतली, हौशी लोकांना फिरवायची, दोन सीटची लांबलचक सायकल घरी आली. मास्तर सवयीने पुढच्या हँडलपाशी जाऊन उभे राहिले.

"तुम्ही मागे," बायको म्हणाली.

मास्तरांनी मागचं हँडल चाचपलं. ते पक्कं बसवलेलं होतं, वळत नव्हतं.

"मागच्याला ब्रेक?"

"नाहीये."

पहिल्या चौकात बायकोने ब्रेक लावला आणि मागे मास्तरांचा पाय दाबला गेला. सायकल हिसका देऊन पुढे सरकली. बायकोने कसाबसा पाय टेकून सावरली.

"अहो."

"मुद्दाम नाही गं."

"माहितीये मला. असं करू. चौक आला की मी सांगेन. तेव्हा दोन्ही पाय वर घ्यायचे."

पुढचा चौक आला.

"घ्या वर," ती म्हणाली.

मास्तरांनी पाय उचलून दोन्ही बाजूंना अधांतरी धरले. कुठून काय येतंय हे बघायला त्यांनी मान वळवली नाही. कुणीतरी ओळखीचं हात करत असावं, कारण बायकोने घंटी वाजवली.

"गेला हो चौक. ठेवा आता."

मास्तरांनी पाय खाली ठेवले नाहीत. तिनेही पुन्हा सांगितलं नाही. एकटीच पेडल मारत राहिली.