तिसऱ्या मजल्यावरचं आतडं

दुमियात शहराच्या साऱ्या इतिहासात एकाही माणसाचं मन कधी बिघडलेलं नाही. समुद्र बिघडतो, लाकडाचा भाव बिघडतो, जावई तर हमखास बिघडतात, पण मन? नाव नको. इथे बिघडतं ते आतडं. धंदा बुडाला, आतडं. नवरा परदेशी गेला तो गेलाच, आतडं. डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, भर बाजारात रडू फुटतं, तर ते हळवं आतडं, आणि त्यावर बडीशेपेचा काढा.

उस्ता वजदीचं, म्हणजे वजदी मिस्त्रीचं, आतडं बायको गेल्यापासून हळवं झालं होतं.

वजदी खुर्च्या बनवायचा. त्याच्या खुर्चीत बसलेला पाहुणा जेवण झाल्यावरही उठत नाही, अशी घरोघरच्या बायकांची जुनी तक्रार होती. आणि आता त्यालाच खुर्चीत बसवत नव्हतं. बूड टेकलं की आत कोणीतरी धावत सुटायचं. मग तो उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा दारापर्यंत. जेवायचा उभ्याने. चहा चालता चालता. केस कापायला गेला, तर अर्ध्या डोक्याने बाहेर पडला; उरलेलं अर्धं न्हाव्याने फुटपाथवर, त्याच्या मागे फिरत कापलं.

घरचे उपाय थोरली बहीण इहसानकडे होते. भावजय गेल्यावर ती घर सांभाळायला आली, आणि तेव्हापासून त्या घरात उकडलेल्या भोपळ्याखेरीज काही शिजलं नव्हतं. तिखट बंद, तळण बंद. सगळ्यांनाच भोपळा, कारण आजाऱ्याला एकट्याला वेगळं वाढलं तर त्याला वाईट वाटतं. आता सगळ्यांनाच वाईट वाटत होतं.

त्यातच एकुलत्या एका मुलीचं, शुरूकचं, लग्न आठवड्यावर आलं. दुमियातच्या सुताराची मुलगी सासरी जाते, तेव्हा तिचं फर्निचर उघड्या ट्रकांवर, ढोल वाजवत, गावातून मिरवतं. गाव फुटपाथवर उभं राहून टाळ्या वाजवतं आणि डोळे बारीक करून सांधे तपासतं. पलंग तयार होता, कपाट तयार होतं. राहिली होती आरशापुढची खुर्ची. तिची पाठ कशी वळायची हे शुरूकच्या आईने, समीहाने, हवेत बोट फिरवून दाखवलं होतं. वजदीने लाकूड हातात घेतलं की तेच बोट दिसायचं, आणि लाकूड तो परत खाली ठेवायचा.

त्या दिवशी यंत्रकरवत फिरत होती. वजदीच्या कानात भणभण सुरू झाली, श्वास पुरेना, घामाने सदरा भिजला. आपण मरतोय एवढंच त्याला कळलं. करवत तशीच गरगरत, हात तसाच पुढे. शेजारच्या खोलीतून भागीदार फिक्री धावत आला आणि त्याने बटण बंद केलं.

"अरे ए, बोटं काय मुलीच्या हुंड्यात द्यायचीत का?"

"आतडं," वजदी धापा टाकत म्हणाला.

"आतडं करवतीकडे हात नेतं होय?"

"फिक्री, मला काहीतरी होतंय रे. हे कोणाला सांगू नकोस. शुरूकच्या सासरी कळलं की बापाचं डोकं फिरलंय..."

फिक्रीने दार लोटून घेतलं. दाढी खाजवली. मग खाली बघत म्हणाला, "बाजारामागची ती बोळातली इमारत माहितीये? दुसऱ्या मजल्यावर पोटाचा डॉक्टर?"

"जाऊन आलो. गोळ्या दिल्या."

"तू एक मजला आधीच थांबलास. दोन वर्षांपूर्वी माझं आतडं बरं झालं ते तिसऱ्या मजल्यावर."

त्या वर्षी फिक्रीसाठी भोपळे वजदीनेच नेऊन दिले होते.

तिसऱ्या मजल्यावर मनाची डॉक्टरीण बसायची. तिथे जायची रीत गावात ठरलेली होती: दुसऱ्या मजल्यावर उभं राहून पोट धरायचं, जिना रिकामा झाला की सटकन वर. वजदीने पोट धरलं. शेजारी आणखी दोघं पोट धरून उभे होते. तिघेही बराच वेळ एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत राहिले, आणि शेवटी एकदमच वर पोचले. आत खचाखच गर्दी. मशिदीच्या पेशइमामांचे धाकटे बंधू वजदीला पाहून घाईने म्हणाले, "चुकून वर आलो!" ते सकाळपासून चुकून आलेले होते.

डॉक्टर लमिया मुलीच्या वयाची. वजदी उभ्यानेच बोलला. दारापर्यंत, खिडकीपर्यंत, पुन्हा दारापर्यंत. तिने बसा म्हटलं नाही. फक्त विचारलं, "बायको गेली तेव्हा रडलात?"

"वेळ कुठे होता? घरात एवढी माणसं. मातमाला खुर्च्या कमी पडल्या, त्या दुरुस्त करत बसलो."

आणि तिथे, खिडकीपाशी, तो रडला. नाकातून, तोंडातून, अर्ध्या कापलेल्या शब्दांतून. डॉक्टरने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, हे घाबरणं आहे, वेड नाही. मरत नाही माणूस यात, वाटतं मात्र तसंच. दर आठवड्याला येऊन बोला. औषधाचं पुढे बघू. तूर्त करवतीला हात लावू नका, ती फिक्रीभाईंना चालवू दे.

"आणि घरात एकाला तरी खरं सांगा."

"त्यापेक्षा गोळ्या द्या ना बाई. कितीही कडू चालतील."

घरी येताना तो गल्लीला तीन फेऱ्या मारून आला. सांगितलं तर? शुरूक लग्न मोडून बसेल. इहसान बाधा झाली म्हणून ऊद जाळून घरभर धूर करेल. नाही सांगितलं तर पुन्हा कधीतरी करवत, आणि तेव्हा फिक्री शेजारच्या खोलीत नसेल. चौथ्या फेरीला शेजारीण म्हणाली, "उस्ता, काही हरवलंय का?" तेव्हा तो घरात शिरला.

दोघी पानं मांडत होत्या. भोपळा वाफाळत होता.

"मला आतड्याचं काही झालेलं नाही," वजदी उभ्यानेच म्हणाला. "माझ्या मनाला झालंय. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन आलो. पुन्हा जाणार आहे. समीहा गेली, शुरूक, आता तूही जाणार, आणि मला भीती वाटते. मला... फार भीती वाटते."

शुरूकने हातातली पळी खाली ठेवली. "बाबा, मला वाटायचं तुम्हाला माझ्याकडे बघवत नाही. मी आईसारखी दिसते म्हणून."

"तेही आहेच गं."

ती येऊन त्याला बिलगली. इहसान मात्र कमरेवर हात ठेवून उभी. आता ऊद आणणार, वजदीने ओळखलं.

"तिसरा मजला," ती म्हणाली. "त्या बाईकडे बायकांना वेगळी बसायची जागा आहे का रे?"

"आहे. का?"

"सहजच विचारलं." आणि ओढणीने डोळे पुसत ती खिडकीकडे वळली.

शुरूक रडत होती, इहसान पाठ फिरवून. वजदीने खुर्ची ओढली. टेकला. आत कोणीतरी धावायला लागलं, दारापर्यंत गेलं, आणि थोडं थबकलं. तो बसून राहिला. त्याने थाळीत पाहिलं, मग बहिणीच्या पाठीकडे.

"अगं इहसान," तो म्हणाला, "आतडं धडधाकट आहे म्हणतात. मग आता दोन वांगी तळतेस का?"