त्या सांजेचा निरोप

रंगमंचावरच्या बाईनं पिठाचे हात पाठीमागं लपवले आणि सातव्या रांगेत बसलेल्या केसरबाईनं आपले हात पदराखाली ओढून घेतले.

नटी तिशीची होती, शहरातली होती. भाकरीच्या पिठाशी तिची फारशी ओळख नाही, हे लांबूनही कळत होतं. पण बाकी सगळं हुबेहूब होतं. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, दारात तीन दगडांची चूल, आत कांबळं ओढून घोरत पडलेला नवरा आणि फटफटीवरून खाली न उतरताच बोलणारा मुकादमाचा माणूस.

"म्हातारी गेली. आज दुपारी. थोरल्यानं फोन केलाय, आत्ताच्या आत्ता निघा म्हणला. आईला अग्नी धाकट्याच्या हातचा लागतो."

"झोपलेत," बाई म्हणाली. "सांगते."

माणूस निघून गेला. बाई चुलीपाशी बसली, तव्यावरची भाकरी उलटली. मग नवऱ्याकडं न बघता ती प्रेक्षकांकडं तोंड करून म्हणाली, "माझा बाप गेला तवा निरोप ह्याच सासूच्या हातात आलता. ज्वारीची काढणी उरकंस्तवर तिनं तो पदराला बांधून ठेवला. मला बापाची राख दिसली, तोंड न्हाई दिसलं. ऱ्हाऊ दे आता तिलाबी वाट बघत."

बीडच्या त्या नाट्यगृहात मागं बायकांकडून एक टाळी पडली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता सगळं सभागृह कडाडलं. कुणीतरी शिट्टीही मारून घेतली. पडदा पडला आणि मध्यंतराचे दिवे लागले.

ते शब्द केसरबाईचे होते, एकही इकडचा तिकडं झालेला नव्हता. ते तिनं जन्मात एकदाच, एकाच माणसाला सांगितले होते. गेल्या दिवाळीत, पुतणीला, सुकन्याला. आणि नाटक सुकन्यानंच लिहिलं होतं; गावच्या पोरीचं नाटक म्हणून निम्मं गाव बघायला आलं होतं.

शेजारी तिचा नवरा बंकट उठला, टोपी सारखी केली.

"च्या आणतो," म्हणाला आणि गर्दीत मिसळला.

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. तो कधीच नव्हता म्हणा.

एकोणीस वर्षांपूर्वी बंकटची आई रतनबाई गेली, तेव्हा ही दोघं ऊसतोडीला कारखान्यावर होती. गाव आष्टीकडं, मधे एक रात्र आणि दोन एस्ट्यांचा प्रवास. निरोप त्या दिवशी सांजेला आला आणि केसरबाईनं तो दुसऱ्या दिवशीच्या सांजेपर्यंत दाबून ठेवला. मग जणू आत्ताच कळलंय असा चेहरा करून नवऱ्याला सांगितला. तिकडं थोरला भाऊ परमेश्वर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रेत राखून बसला होता. शेवटी चार जाणत्यांनी समजावलं, तेव्हा त्यानं स्वतः अग्नी दिला. बंकट पोचला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. राखेपाशीच त्यानं भावाची कॉलर धरली.

"माझी आई व्हती, माझा हक्क व्हता! कावून कळवलं न्हाईस बे?"

"म्या त्याच दिवशी फोन केलता! आईच्यान!"

आईची राख पायाशी असताना घेतलेली आईची शपथ कुणालाच खरी वाटली नाही. वडिलांच्या जमिनीवर परमेश्वरचा डोळा होता, म्हणून त्यानं धाकट्याला लांब ठेवला, असा गावानं हिशेब लावला. केसरबाई डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती. एक शब्द बोलली असती तर दोन घरं वाचली असती. ती बोलली नाही. महिन्याभरात अंगणात भिंत उभी राहिली. त्यानंतर दोन भावांनी एकमेकांचं पाणी घेतलं नाही.

भिंतीनं मोठी माणसं अडली, पोरं अडली नाहीत. परमेश्वरची सुकन्या लहानपणापासून काकूकडं यायची. संभाजीनगरला नाटकाचं शिकायला गेली तरी सुट्टीत यायचीच. गेल्या दिवाळीत मोबाइल घेऊन आली, जात्यावरच्या ओव्या भरून घ्यायच्या म्हणाली. सगळा वारसा बुडत चाललाय, काकू. ओव्या सांगता सांगता सासूची ओवी आली आणि पोरीनं सहज विचारलं, आजी गेली तेव्हा नेमकं काय झालं गं? केसरबाईच्या मनात साठलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. नंतर तिनं पोरीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतला होता. कुणाला सांगितलंस तर मी मेले म्हणून समज.

आता तीच सुकन्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं खाली वाकून आली आणि काकूपाशी उकिडवी बसली.

"काकू, नावं बदललीत गं. गाव बदललंय. कुणाला कळणार नाही."

"माझ्या गळ्याची शपथ घेतली व्हतीस."

सुकन्याची मान खाली गेली. ती म्हणाली, "माझ्या आबांना एकोणीस वर्षं गाव खोटारडा म्हणतंय. लग्नकार्यात त्यांना शेवटच्या पंगतीला बसवतात. मला कळल्यावर मी गप्प कशी राहू? आणि तुझं नाव घेऊन सांगू तरी कशी? मग हे असं..."

"केसानं गळा कापलास, पोरी," केसरबाई म्हणाली. आवाज चढवायचीही तिच्यात ताकद नव्हती.

सुकन्या डोळे पुसत विंगेकडं पळाली. तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरच्या, गावातल्याच गीताबाईनं केसरबाईला कोपरानं ढोसलं.

"बघितलीस का ती वैरीण? मी आसते तर झिंज्याच उपटल्या आसत्या. आन नवरा बघ, गरीब गाय बिचारा!"

"व्हय," केसरबाई म्हणाली. चोराच्या मनात चांदणं असतं. तिला वाटत होतं, सगळं नाट्यगृह स्टेज सोडून आपल्याकडंच बघतंय.

बंकट चहा घेऊन आला. कागदी कप सांडू न देता त्यानं तिच्या हातात दिला.

"दमानं पी. गरम हाय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. भोळा सांब! सगळं डोळ्यांदेखत झालं आणि ह्याच्या टाळक्यात शिरलंही नाही. पहिल्यापासून असाच. तो मुकादमाचा माणूस पुढं चार हंगाम त्यांच्याच टोळीवर होता, पण निरोप नेमका कधी आला होता, हे बंकटनं त्याला एकदाही विचारलं नाही. तो विचारत नाही म्हणून केसरबाईनं किती वेळा देवाला हात जोडले होते.

दुसरा अंक लोकांनी रडून काढला. नाटकातला थोरला भाऊ खोटा ठरूनच मरतो आणि धाकटा भिंतीआडून त्याची तिरडी जाताना बघतो, असं सुकन्यानं लिहिलं होतं. खराखुरा थोरला भाऊ दुसऱ्या रांगेत पांढरी टोपी घालून स्वतःचं मरण बघत ताठ बसला होता. तो रडला की नाही, ते मागून दिसलं नाही. बाकी पुरुषांनी रुमाल काढले, बायकांनी पदर. गीताबाई तर हुंदक्यांच्या मधेमधे त्या वैरिणीला शिव्या घालत होती.

शेवटचा पडदा पडला, लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मग नट आणि सुकन्या ओळीनं स्टेजवर आले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी जाहीर केलं, की प्रेक्षकांनी मोकळेपणानं आपापली प्रतिक्रिया द्यावी. माइक खाली आला आणि ज्यांना कधी कुणी बोला म्हणत नाही, ते सगळे एकदम मोकळे झाले. एका प्राध्यापकांनी दुःख आणि वारसा यांवर दहा मिनिटं घेतली, त्यात नाटक दोनदा आलं. रोहिणी नावाच्या शिक्षिकेनं, ती सूनही एका जुन्या अन्यायाचीच बळी आहे, असं म्हटलं. त्यावर अर्ध्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी नाकं मुरडली. मग माइक बबनरावांकडं गेला. बबनराव पंचायत समितीला दोनदा उभे राहिलेले; हातात माइक आला की त्यांचा घसा आपोआप साफ होतो.

"बाईचं काय आन भावाचं काय, ते सोडा. मला वाईट वाटलं त्या नवऱ्याचं. देवमाणूस! त्याचा काय गुन्हा? दिवसभर कोयता मारून झोपला, एवढाच ना? झोपेत लुटला गेला बिचारा!"

टाळ्या पडल्या. केसरबाईला त्या सहन होईनात. एकोणीस वर्षं तिनं ह्या देवमाणसासमोर मान वर केली नव्हती. त्याच्या आधी घास घेतला नव्हता. त्यानं दोनदा हात उचलला तेव्हा, आपलं पाप तेवढंच फिटतंय, म्हणून ती गप्प बसली होती. आता पुरे. आता सांगून टाकायचं, मग त्यानं घराबाहेर काढलं तरी चालेल. ती त्याच्याकडं झुकली.

"अवो..."

"पोरीनं समदं बराबर दावलंय," बंकट स्टेजकडं बघतच म्हणाला.

केसरबाई सरळ बसली.

"फकस्त त्या नवऱ्याचं जमलं न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "केवढ्यांदा घोरतोय! फटफटी दारात येऊन उभी ऱ्हायल्यावर कुणाची झोप ऱ्हाती का, केसर?"

तिला आधी काही कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं.

"तुमी जागं व्हता?"

बंकटनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी घालायला लागला.

"उठलो आसतो तर जावं लागलं आसतं. आईच्या तोंडाला इस्तू लावायचा... माझ्यानं झालंच नसतं. म्हणलं, तू हाक मारचील तवा उठू." घडी घालून झाली होती, ती त्यानं पुन्हा मोडली. "तू हाक मारलीच न्हाई."

"मग भावजींची कॉलर कावून धरली?"

बंकटनं टोपी डोक्यावर घातली आणि स्टेजवर कोण काय बोलतंय ते ऐकायला लागला.

केसरबाईला वाटलं, पोरीचं आपण उगाच मनाला लावून घेतलं. पोरीनं शपथ मोडली ती बापासाठी, आणि मोडताना निदान रडली तरी. ह्यानं काय मोडलं? ह्यानं तर काहीच मोडलं नाही. नुसता दम धरून पडून राहिला, एकोणीस वर्षं. भावाला खोटं ठरवलं, बायकोला तिच्या पापात एकटीला शिजू दिलं, आणि वर तिच्याच हातचं गरम गरम जेवत राहिला. तिनं निरोप दाबला तो रागानं. तो राग तरी खरा होता. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. अंगाची नुसती आग होत होती.

माइक रांगेतून हातोहात पुढं सरकत गीताबाईपर्यंत आला. गीताबाईला माइकची भारी लाज. "अगं बाई, मला न्हाई जमत!" म्हणून खिदळत तिनं तो केसरबाईच्या मांडीवर टाकला.

केसरबाई उभी राहिली.

"बस गं खाली," बंकट पुटपुटला.

"नाटक चांगलं हाय," केसरबाई म्हणाली. आपलाच आवाज चारी बाजूंनी ऐकू आल्यावर ती थोडी थांबली. स्टेजवर सुकन्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक चूक ऱ्हायलीय. तेवढी दुरुस्त करा."

लोक कौतुकानं वळून बघायला लागले. खेड्यातली बाई माइकवर बोलतेय, ह्याचंच त्यांना अप्रूप.

"त्या बाईनं निरोप दाबला, ते खरं हाय. तिला माफी न्हाई. पण नवरा झोपला न्हवता. जागा व्हता. कांबळ्यात पडून समदं ऐकत व्हता."

"वा!" प्राध्यापक मोठ्यानं म्हणाले. "काय सूक्ष्म निरीक्षण आहे!" त्याबरोबर टाळ्यांचा पाऊस पडला. नवऱ्याचं काम करणारा नट हसून कमरेत वाकला.

बंकट तिचा पदर धरून तिला खाली ओढत होता. पदर डोक्यावरून घसरला, खांद्यावर आला. थोरल्या दिरासमोर तो आजवर कधी घसरला नव्हता. केसरबाईनं सावरला नाही.

"भावजी," ती म्हणाली.

नाटकात ही हाक कुठंच नव्हती. टाळ्या विरळ होत थांबल्या. मागं बसलेलं गाव माना उंच करून बघायला लागलं. दुसऱ्या रांगेतली पांढरी टोपी सावकाश मागं वळली.

"तुमचा निरोप त्याच सांजेला पोचला व्हता, भावजी. आमा दोघांनाबी."