बोटाचा आधार

पेंटरबाईंचा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर. त्यात गेले सहा आठवडे रोज एका पायावर उभं राहायचं म्हणजे विचारायलाच नको.

नाटकांचे पडदे रंगवताना त्या शिडीवरून पडल्या आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, जखम भरली, पण पाय भरवशाचा राहिला नाही. वळताना हमखास दगा द्यायचा.

"ताकद आलीय काकू, पण गुडघ्याची अक्कल गेलीय," फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली होती. "तोल गेला की क्षणात सावरायचं, हे त्याला पुन्हा शिकवायचं. फोमच्या गादीवर एका पायावर उभं राहा, डोळे मिटून. डगमगाल तेवढं शिकाल. कशालाही धरायचं नाही."

पेंटरबाईंना हे पटलं. अक्कल गुडघ्यात असलेला एक मुलगा त्यांनी वाढवलाच होता.

तो मुलगाच रोज घड्याळ घेऊन त्यांच्या मागे उभा राहायचा. कामाची सवय मोडू नये म्हणून त्या अंगात रंगकामाचा जाड डगला चढवायच्या आणि डोळे मिटायच्या. चार सेकंद, मग बारा, मग चक्क चाळीस. बाई हवेत होत्या. तीस सेकंद जमले तर फिजिओ शिडी चढायची चिठ्ठी देणार होती, आणि गुरुवारपर्यंत चिठ्ठी मिळाली तरच थिएटरचा मॅनेजर नव्या नाटकाचा पडदा त्यांना देणार होता. नाहीतर तो छापून घेणार होता. छापून!

बुधवारी क्लिनिकमध्ये त्या गादीवर चढल्या, डोळे मिटले आणि चौथ्या सेकंदाला शेजारची आधाराची दांडी पकडली. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा थेट फिजिओच्या अंगावर.

"काकू, घरी कुणी धरतं का?"

"छे! हा नुसता मागे असतो."

फिजिओने मुलाकडे पाहिलं. मुलगा फरशीकडे पाहत होता.

"दादा, तुमचा हात कुठे असायचा?"

"हात नाही हो," तो पुटपुटला. "एक बोट. कमरेशी टेकवलेलं. डगल्यामुळे तिला कळतही नव्हतं."

"त्यांना नाही, त्यांच्या मेंदूला कळत होतं. तेवढ्या स्पर्शावरही तो तोल सांभाळतो. गुडघ्याला काही करावंच लागलं नाही." तिने पेन खिशात ठेवलं. "आणखी सहा आठवडे. आज चिठ्ठी नाही देता येणार."

पेंटरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरी आल्या, दार लागलं आणि त्या कडाडल्या, "सहा आठवडे! मला खोटे आकडे सांगत होतास? मी काय कुकुलं बाळ आहे?"

"पडली असतीस तर?"

"तर पडले असते! खाली गादी होती. पडू द्यायचं होतंस मला!"

"नाही जमत मला," मुलगा म्हणाला. "त्या दिवशी शिडी मीच सोडली होती, आई. फोन घ्यायला. दोन मिनिटं."

"माहितीये मला. वरून दिसत होतास तू."

इतके महिने त्या याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पण म्हणून आज त्यांचा राग तसूभरही उतरला नाही.

"धरायचं तेव्हा शिडी धरली नाहीस, आणि आता सोडायचं तर मला सोडत नाहीस. माझा पडदा गेला रे! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थिएटरात छापील पडदा लागणार. जा, त्या भिंतीशी उभा राहा. हात खिशात."

त्यांनी डगला काढून फेकला, गादीवर चढून डोळे मिटले. घोटा थरथरला, गुडघा आत वळला, सगळं अंग एका बाजूला कललं. भिंतीकडून कपड्याची सळसळ ऐकू आली.

"खिशात म्हटलं ना!" त्या डोळे न उघडता ओरडल्या, आणि पडल्या. मग उठून पुन्हा एका पायावर उभ्या राहिल्या.