पास्ता टाकलाय!

"मार त्याला हवं तर, पण उपाशीपोटी मारू नकोस," एर्मेस म्हणाला आणि कॉमिकचं शेवटचं पान त्यानं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून नेवियोकडं सरकवलं.

पानावर कप्तान फ्लॅनेल उताणा पडला होता. पाठीला बांधलेला स्वयंपाकघराचा पडदा फाटलेला, त्याखालून ती सुप्रसिद्ध लोकरी बंडी डोकावतेय, पोट आभाळाकडं. जगाला वाचवता वाचवता बिचारा कामी आला होता आणि अख्खं शहर टोप्या काढून उभं होतं.

"सगळे महानायक असेच जातात," नेवियो म्हणाला. इतकी वर्षं दर महिन्याला हे कॉमिक तोच काढत आला होता. "हा शेवटचा अंक. माझा हात थरथरतो आता. एकदा तरी काहीतरी भव्य करू दे की."

"भव्य म्हणे! त्याला जन्मात कधी धड उडता आलं नाही, आणि मरण मात्र भव्य!"

कप्तान म्हणजे एर्मेसच, हे गुआस्ताल्ला गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तेच नाक, तेच पोट, कमरेला तोच पाना. एर्मेसनं जन्मभर लोकांचे बॉयलर दुरुस्त केले. एका हिवाळ्यात तो चर्च गरम ठेवणारा बॉयलर खोलून बसला होता. दुपारी बिशप यायचे होते, पाद्रीबाबा घायकुतीला आले होते, आणि नेमकी तेव्हाच चौकापलीकडच्या खिडकीतून त्याच्या बायकोची, इरीदेची हाक आली, "एर्मेस! पास्ता टाकलाय!" उकळत्या पाण्यात पडलेला पास्ता कुणासाठी थांबत नाही, बिशपांसाठीही नाही. एर्मेसनं पाना खाली ठेवला, घर गाठलं, पोटभर जेवला आणि वर डुलकीही काढली. बिशपांनी ओव्हरकोट घालून प्रार्थना म्हटली. समोरच्या कॉफीच्या बारमध्ये बसून नेवियोनं हे सगळं पाहिलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि तिथंच कागदी रुमालावर आपल्या दोस्ताच्या पाठीला पडदा बांधून टाकला.

तेव्हापासून प्रत्येक अंकात तेच. खलनायक जग बुडवायला निघायचा, कप्तान त्याची मानगूट पकडायचा, आणि खिडकीतून हाक यायची. मग "इथंच थांब हं, हलू नकोस," असं त्याला बजावून कप्तान जेवायला घरी. बायको चित्रात कधीच दिसायची नाही. इरीदेचाच तसा हुकूम होता. पहिला अंक वाचून ती आधी भडकली, मग म्हणाली, "माझं तोंड काढायचं नाही, नेवियो. पण हाक मात्र मोठ्या अक्षरांत लिही. ऐकू गेली पाहिजे."

इरीदे जाऊनही आता काही वर्षं झाली होती. कॉमिकमधली हाक तेवढी चालूच राहिली.

"या अंकात ती ओरडतच नाही," एर्मेस म्हणाला.

"तो मेल्यावर कुणाला ओरडणार?"

"तेच म्हणतोय मी." एर्मेस उगाच टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागला. "अंक आला की मी स्टॉलपाशीच उभा राहून आधी तेवढं पान शोधतो. हास हवं तर. घरात ती गप्पच झालीय रे. तुझ्या चोपड्यात तरी ओरडत असते. बंद कर तुझं कॉमिक, माझं काही म्हणणं नाही. पण तिला गप्प करून बंद करू नकोस."

नेवियो हसला नाही. चष्मा काढून तो पुसू लागला.

"आधी सांगायचं होतंस, गाढवा."

"आधी तू त्याला मारत नव्हतास."

"मी खाली बारमध्ये जातो. तू असा तोंडाकडं बघत बसलास तर मला काही सुचायचं नाही." पान आणि पेन्सिल घेऊन नेवियो जिना उतरला.

एर्मेसनं आधण ठेवलं, मीठ घातलं. इरीदे गेल्यापासून तो ओट्याशी उभ्यानंच काहीबाही गिळायचा. आज रविवार होता, दोस्त यायचा होता, म्हणून त्यानं सॉस सकाळपासून मंद आचेवर ठेवला होता. पाण्याला उकळी फुटली, तसा त्यानं पास्ता आत सोडला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आता हाक त्यालाच मारायची आहे. आयुष्यभर तो फक्त हाकेला ओ देत आला होता.

त्यानं खिडकी उघडली. खाली बारच्या बाहेर नेवियो पानावर वाकला होता. एर्मेसनं घसा खाकरला. मग आवाज फुटला तो असा, की चर्चच्या पायऱ्यांवरची कबुतरं उडाली.

"नेवियो! पास्ता टाकलाय!"

चौकातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. पेपरच्या स्टॉलवरची झेलिंदा हातातला गठ्ठा तसाच धरून खिडकीकडं बघत राहिली. मग तीच पहिल्यांदा भानावर आली. "अहो, उठा की नेवियो! जग नंतर वाचवा, पास्ता गिच्च होईल!"

पान काखेत, पेन्सिल कानावर, अर्धी कॉफी तशीच टाकून नेवियो पळत सुटला.

ताटल्या बाजूला सारून त्यानं पान टेबलावर पसरलं. मेलेला कप्तान उठून बसला होता आणि पडद्याची धूळ झटकत होता. टोप्या काढलेले लोक त्याला वाट करून देत होते. खलनायक मागून विचारत होता, "मीही येऊ का?" आणि कोपऱ्यात वर एक उघडी खिडकी होती. खिडकीत कुणी नव्हतं, फक्त हाक होती.

एर्मेस कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिला. दोघांनाही त्यामुळे पास्ता अंमळ मऊच खावा लागणार होता.

"अक्षरं अजून मोठी कर," तो म्हणाला आणि चीज किसायला बसला.