रबरी दोऱ्याचे वेढे

मी एक रबरी दोरा बोलतोय. या, असे जवळ बसा. घ्यायचं नसलं तरी बघायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकाशी असं बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. भिलवडीच्या पेठेत लालासाहेबांच्या शिलाई-साहित्याच्या दुकानात पडून पडून मी ते आपलं आपण शिकलो.

माझा जन्म सुरतेकडच्या एका कारखान्यातला. पोटात बारीक रबर, अंगावर सुताचं पांघरूण. झबल्याच्या गळ्याला, फ्रॉकच्या कमरेला चुण्या पाडायच्या, हा आमचा धंदा. कापड जवळ ओढून धरायचं, पण बाळाच्या अंगावर वळ उठू द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा!

पण मी दुकानात आलो तेव्हा लोक तयार कपड्यांच्या मागे लागले होते. गिऱ्हाईक आलं की लालासाहेब मला टर्रकन ताणून सोडायचे आणि म्हणायचे, "रबर हाय का जादू हाय, तुमीच सांगा!" गिऱ्हाईक हसायचं आणि बटणं घेऊन जायचं. एक बाई तर दर बाजारी मला हातात घेऊन गोंजारायच्या. "लय झ्याक हाय, पुढच्या बाजारी न्हेते." तेव्हाच मी ओळखलं, जो नुसतं कौतुक करतो तो नेत नाही. ज्याला खरंच न्यायचं असतं, तो आधी नावं ठेवतो.

शेजारच्या लोकरीच्या गुंड्या तोरणांना गेल्या, लेस चोळ्यांना गेली. मी फळीवरच. त्यात रबराचं आयुष्य मोजकं. नुसतं पडून राहिलं तरी आतून विरतं. कुणी विश्वासानं ताणलं आणि मी तुटलो तर? याची मला फार धास्ती होती.

अशात एका दुपारी सुभेदार मानसिंग दुकानात आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, लालासाहेबांचा शाळेपासूनचा दोस्त. नेहमी मिशीला पीळ देत येणारे, त्या दिवशी खांदे पाडून आले.

"लालासाब, काळीज बांधायला काय हाय का रं?"

"कुणाचं?" लालासाहेबांनी चष्मा वर केला.

"कोंबडीचं! चेष्टा नगं गड्या."

मग सगळं बाहेर आलं. सुभेदारांची लेक रेश्मा साताऱ्याहून माहेरी आलेली. पाचवा महिना, आणि पोटात काहीच ठरत नव्हतं. भात नको, दूध नको, भाकरीचा वास नको. तोंड पार सुकून गेलेलं. एक-दोन दिवसांत अन्न पोटात टिकलं नाही तर ॲडमिट करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. तिला डोहाळा एकच, नदीतल्या शिंगट्याचं कालवण. शिंगटा म्हणजे कृष्णेतला बिनखवल्यांचा, लांब मिशांचा मासा. बाजारातला बर्फातला आणला, तर पिशवी उघडताच पोरगी तोंड दाबून परसात पळाली.

"मग मीच गळ घिऊन गेलो," सुभेदार म्हणाले. "शिंगट्याला कलेजीचा वास लागतो. पर कलेजी म्हंजी निस्ती लिबलिबीत. टाकली की गळ एकीकडं, कलेजी दुसरीकडं!"

"तू टाकतोस कसा? बॉम्ब फेकल्यागत?"

सुभेदारांनी हात डोक्यामागून नेऊन हवेत फेकून दाखवला. तेच उत्तर होतं.

लालासाहेबांनी कलेजीच्या जागी न्याहारीचं पिकलेलं केळं सोलून काउंटरवर ठेवलं. साधा दोरा गुंडाळला, तो केळ्यात सुरीसारखा रुतला. लोकर गुंडाळली, ती घसरली. मग त्यांचा हात फळीवर फिरला आणि माझ्यावर थांबला.

"ह्यो?" सुभेदारांनी नाक मुरडलं. "ह्यो तर तुझ्याएवढा जुना दिसतोय. तुटंल."

नावं ठेवली! मी मनात म्हटलं, गेलो बुवा मी आज.

लालासाहेबांनी मला हलकंच ताणून केळ्याभोवती फिरवलं, आडवं, उभं, तिरपं. गाठ मारलीच नाही. टोक ताणून तोडलं, तसं ते आपसूक आखडून वेढ्यांत बसलं. केळं हलवलं, आपटलं. केळं दबलं, पण सुटलं नाही.

"चल, मीबी येतो," म्हणत त्यांनी चक्क शटर ओढलं. बाजाराच्या दिवशी! पेठेतले लोक दारात येऊन बघायला लागले.

सुभेदारांच्या घरी वेगळाच घोटाळा होऊन बसला होता. सकाळी आणून ठेवलेली कलेजी रंगुबाईंनी, म्हणजे सुभेदारांच्या मंडळींनी, स्वच्छ धुऊन हळद-मीठ लावून ठेवली होती.

"आगं, मासं काय पाटावर जेवाय बसणार हायत?" सुभेदार कडाडले.

"मग रगताची तशीच ठिवू व्हय? माझ्या घरात बिनमिठाची कलेजी कवा ऱ्हायली न्हाई! आन् वरडू नगासा, पोरीचा आत्ताशी डोळा लागलाय."

लालासाहेबांनी एक तुकडा चिमटीत दाबला आणि हसले. "मानसिंग, गप की रं. हात लावून बघ. मिठानं पाणी सुटून कशी आवळून आलीया! आवं वहिनी, आमी दुकान बंद करून जे डोकं चालवलं, ते तुमी चुलीपाशी बसून केलं."

दिवस कलताना आम्ही नदीवर पोचलो. गळाचं टोक तेवढं उघडं ठेवून लालासाहेबांनी कलेजीला माझे वेढे दिले. सुभेदारांनी हात मागं नेला, तसे लालासाहेब ओरडले, "बॉम्ब न्हाई! पाळण्याला झोका दे तसा!" सुभेदारांनी कसाबसा झोका दिला. कलेजी गळाबरोबरच पाण्यात पडली.

माझा एक तुकडा पाण्यात, बाकीचा मी रिळावर, सुभेदारांच्या खिशात. दोरा तुटला म्हणून निराळा होत नाही. दोन्हीकडचं मला कळत होतं. वर खिशाला त्यांच्या छातीची धडधड लागत होती. खाली चिल्लर मासे कलेजी लुचायला लागले, चारी बाजूंनी हिसके. ते ओढायचे तसा मी ताणायचो, ते सोडायचे तसा आवळायचो. एक वेढा तुटला. मी घाबरलो. पण बाकीचे शेजारी धावून आल्यासारखे घट्ट बसले.

आणि मग चिल्लर एकदम पांगली. कुणीतरी लांब मिशांनी मला चाचपलं. पुढं जो हिसका बसला, त्यानं गळाची काठीच वाकली.

"आला रं!" सुभेदार पाण्यात धावले, चपलांसकट.

घरी रंगुबाईंनी कालवण केलं. रेश्मा स्वयंपाकघरात जेवायला बसली. हे दोघे दोस्त ओसरीवर. कान सगळे परसाच्या दाराकडे, आता पळते की मग पळते. खिशात मीही ताणून बसलेलो.

आतून आवाज आला, "आई, आजून वाड की. रस्सा जरा जास्त."

सुभेदारांनी असा श्वास सोडला, की माझं रीळ खिशात हललं. त्यांनी डोळे पुसले आणि लालासाहेबांवर खेकसले, "तुझा दोरा जुना न्हाई रं." त्या जेवणानंतर पोरगी हळूहळू सावरली. ॲडमिट करायची वेळच आली नाही.

मी सुभेदारांच्या घरीच राहिलो, आता माझ्या रिळावर थोडेच वेढे उरलेत. माझी भावंडं मात्र लालासाहेबांनी पुढच्या फळीवर मांडलीत, गळवाले आवडीनं नेतात. नेणाऱ्यांना एवढंच सांगणं: आम्हाला उन्हात टाकू नका, तुटके तुकडे नदीत सोडू नका, आणि मऊ वस्तूला गाठीनं करकचून बांधू नका. वेढे द्या, थोडे जास्त द्या.

मला आता निघायला हवं. रेश्माला मुलगी झाली आहे. रंगुबाई मशीनवर बसल्यात, उरलेला मी बॉबिनवर चढतोय. झबल्याच्या गळ्याला चुण्या पाडायच्यात. हे आमचं मूळ काम, उशिरा का होईना, मिळालं. नदीत जसं धरलं तसंच धरीन, निसटू देणार नाही आणि वळही उठू देणार नाही.